साचा वेगळा, मजकूर वेगळा

अनेक शाळांची, ग्रंथालयांची, निसर्गमंडळांची स्वतःची संकेतस्थळे असतात. पहिल्या वर्षी ती उत्साहाने भरली जातात. मग ज्या विद्यार्थ्याने ती तयार केली तो शिकायला परगावी जातो आणि तीन वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनाची सूचना तशीच झळकत राहते. दर वेळी दोष आळसाचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो संकेतस्थळाच्या रचनेत असतो. ही रचना कशी असावी, ते आपण पाहू.

साठ पाने, साठ दुरुस्त्या

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेब जगापुढे मांडले, तेव्हा प्रत्येक पान म्हणजे संगणकावरची एक स्वतंत्र फाइल असे. मजकूर आणि तो कसा दिसावा हे सांगणाऱ्या एचटीएमएलच्या खुणा, दोन्ही त्या एकाच फाइलमध्ये. समजा, एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळाची अशी साठ पाने आहेत आणि प्रत्येकाच्या तळाशी दूरध्वनी क्रमांक आहे. क्रमांक बदलला की साठ फाइली उघडाव्या लागणार. एखादी राहून गेली तर वाचकाला चुकीचा क्रमांक मिळणार. शिवाय हे काम खुणांची भाषा जाणणाराच करू शकणार.

यावर उपाय म्हणजे मजकूर आणि त्याची मांडणी यांची फारकत करणे. हे काम करणाऱ्या प्रणालीला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, थोडक्यात सीएमएस, म्हणतात. तिचे तीन भाग असतात. पहिला डेटाबेस, म्हणजे माहितीचे तक्ते. लेखाचे शीर्षक, मजकूर, लेखकाचे नाव, तारीख हे सारे त्यात वेगवेगळ्या रकान्यांत राहते. दुसरा साचा. शीर्षक कोठे यावे, चित्र कोठे, तळाशी काय, हे तो ठरवतो. तिसरा भाग या दोघांना जोडणारा प्रोग्राम. वाचकाने दुव्यावर टिचकी मारली की प्रोग्राम तक्त्यातून हवी ती नोंद काढतो, साच्यात बसवतो आणि तयार झालेले पान वाचकाकडे धाडतो. दूरध्वनी क्रमांक आता साच्यात एकदाच लिहिलेला असतो. तेथे तो बदलला की साठही पानांवर बदलतो.

किल्ल्या कोणाकडे?

ड्रुपल या प्रणालीची सुरुवात बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठात झाली. ड्रीस बाउटार्ट या विद्यार्थ्याने २००० साली वसतिगृहातील मित्रांना एकमेकांना निरोप ठेवता यावेत म्हणून ती लिहिली आणि २००१ साली सर्वांसाठी खुली केली. वर्डप्रेस २००३ साली आली. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकीही याच जातीचे. तिन्ही मोफत आहेत आणि त्यांचा प्रोग्राम कोणालाही वाचता व बदलता येतो.

अनेकांनी मिळून काम करायचे तर कोणाला काय करता यावे हे ठरवावे लागते. वर्डप्रेसमध्ये ‘योगदानकर्ता’ लेख लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. ‘संपादक’ तो तपासून प्रसिद्ध करतो. ‘प्रशासक’ साचाही बदलू शकतो. शाळेत विद्यार्थ्यांना पहिली, शिक्षकांना दुसरी भूमिका देता येते. मीडियाविकीत प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, त्यामुळे बिघडलेले पान जुन्या रूपात परत आणता येते.

येथे एक पथ्य पाळावे. प्रशासकाचे अधिकार निदान दोघांकडे असावेत आणि संकेतस्थळाचे नाव संस्थेच्या ईमेल पत्त्यावर नोंदवलेले असावे. ते एका व्यक्तीच्या खाजगी पत्त्यावर असले, तर ती व्यक्ती गेल्यावर संस्था आपल्याच दाराबाहेर उभी राहते.

सोय आणि जोखीम

या सोयीची किंमतही आहे. हजारो संकेतस्थळे एकाच प्रोग्रामवर चालत असली, तर त्यातले एक छिद्र सर्वांत असते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीतील एक गंभीर दोष जाहीर झाला. बाहेरून आलेली माहिती आणि डेटाबेसला द्यायची आज्ञा यांची नीट फारकत न झाल्याने, परका माणूस माहितीच्या जागी स्वतःची आज्ञा घुसवू शकत होता. दुरुस्ती त्याच दिवशी उपलब्ध झाली. तरीही ड्रुपलच्या सुरक्षा गटाने नंतर कळवले की, ज्यांनी घोषणेपासून सात तासांत ती बसवली नाही त्यांनी आपले संकेतस्थळ फोडले गेले आहे असेच धरून चालावे. सुधारित आवृत्ती वेळेवर बसवणे हे म्हणूनच देखभालीतले पहिले काम.

दुसरे काम म्हणजे प्रत ठेवणे. मजकूर डेटाबेसमध्ये असतो, चित्रे बहुधा वेगळ्या फाइलींत. दोन्हींची प्रत हवी, आणि ती दुसऱ्या जागी हवी. त्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते का, हे वर्षातून एकदा तरी करून पाहावे.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणकाची गरज नाही. शाळेच्या आवारातील बारा झाडांची बारा कार्डे मुलांकडून करून घ्या. प्रत्येकावर ठरलेल्या जागी नाव, ठिकाण, फुलण्याचा महिना आणि नोंद करणाऱ्याचे नाव असावे. कार्डांचा गठ्ठा हा डेटाबेस. आता एका पुठ्ठ्याला अशा खिडक्या कापा की कार्डावर ठेवल्यावर फक्त नाव आणि महिना दिसेल. हा साचा. दुसऱ्या पुठ्ठ्यातून नाव आणि ठिकाण दिसू द्या. कार्डे तीच, पान मात्र वेगळे. ती महिन्यानुसार लावा, मग ठिकाणानुसार लावा.

शेवटी पुठ्ठा बाजूला ठेवा आणि मुलांना विचारा: पुठ्ठा हरवला तर काय जाईल, आणि कार्डे हरवली तर काय? जपण्याची वस्तू कोणती, हे ती स्वतःच सांगतील.