हॉर्न दुबळा की उपाशी?

लहान हॅचबॅकच्या बेस मॉडेलला पुष्कळदा एकच चपटा हॉर्न असतो आणि तो स्कूटरचा वाटावा इतपतच वाजतो. ही तक्रार खरी आहे. म्हणून लोक ॲक्सेसरीच्या दुकानात जातात, खोक्यावरचा डेसिबलचा सगळ्यात मोठा आकडा बघून जोडी उचलतात आणि दुकानासमोरच ती बसवूनही घेतात. या सगळ्यात ऐकीव माहितीचा वाटा फार मोठा असतो.

सगळ्यात पक्की समजूत म्हणजे आवाज बसला की हॉर्न गेला. नव्या गाडीचा हॉर्न मुळातच बारीक असेल तर गोष्ट वेगळी. पण काही वर्षं ठणठणीत वाजलेला हॉर्न हळूहळू घोगरा झाला, तर आधी त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या विजेवर संशय घ्यावा. हॉर्नच्या पोटात एक विद्युतचुंबक, पोलादी पडदा आणि पॉइंट असतो. वीज आली की चुंबक पडद्याला खेचतो, त्या ओढीने पॉइंट उघडतो, वीज तुटते, पडदा मागे येतो आणि पॉइंट पुन्हा जुळतो. हे सेकंदाला चारशे-पाचशे वेळा चालतं. व्होल्टेज कमी पडलं की पडद्याचा फटकाही कमी. एक हॉर्न साधारण ५ अँपिअर घेतो. वाटेतल्या गंजक्या जोडांनी अर्ध्या ओहमचा रोध उभा केला तरी अडीच व्होल्ट तिथेच जिरतात. अशा वेळी नवा हॉर्न घेणं म्हणजे टाकीतूनच पाणी कमी येत असताना नळ बदलणं.

त्यातही अर्थिंगकडे कुणी बघत नाही. बऱ्याच हॉर्नना वायर एकच असते. वीज परत जाते ती हॉर्नच्या पट्टीतून गाडीच्या बॉडीला. पट्टीच्या बोल्टखाली गंज धरला, आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तो लवकर धरतो, की हॉर्न उपाशी. तपासणी सोपी आहे. हॉर्न काढून जाड वायरने बॅटरीवरून क्षणभर डायरेक्ट देऊन बघायचं. दणकून वाजला तर हॉर्न ठीक आहे. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासा, कपलर साफ करा. डायरेक्ट देऊनही घोगराच राहिला तर मात्र त्याचं वय झालं. काही हॉर्नच्या मागे छोटा स्क्रू असतो. तो आवाज वाढवायला दिलाय असं समजून पिळणारे भेटतात. तो पॉइंटची झीज भरून काढायला असतो. पाव-अर्धा फेरा फिरवून सूर लागला तर लागला. जास्त पिळलात तर हॉर्न जादा वीज ओढतो आणि पॉइंट जळतो.

आता डेसिबल. ‘आपला १०८ चा, हा ११८ चा, म्हणजे जेमतेम दहा टक्के जास्त’ असा हिशेब होतो, किंवा उलट ‘दोन हॉर्न म्हणजे दुप्पट आवाज’ असा. दोन्ही चूक. डेसिबलच्या मापात १० ची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, आणि कानाला ते साधारण दुप्पट वाटतं. याउलट एकासारखा एक दुसरा हॉर्न जोडला तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची. लक्ष देऊन ऐकलं तरच जाणवेल अशी.

मग जोडी इतकी भारदस्त का वाटते? कारण तिच्यातला एक हॉर्न खालच्या सुराचा असतो, एक वरच्या. एक ४०० हर्ट्झच्या आसपास, दुसरा ५०० च्या. हे प्रमाण चारास पाच, म्हणजे षड्ज आणि शुद्ध गंधार. कानाला एकट्या सुरापेक्षा हा मेळ भरघोस लागतो. म्हणून हॉर्नवर किंवा खोक्यावर इंग्रजी ‘एच’ (हाय, वरचा सूर) आणि ‘एल’ (लो, खालचा) बघून घ्यावं. दोन्ही ‘एच’ आले तर पैसे दुप्पट आणि फायदा त्या तीन डेसिबलचा.

शंखाच्या आकाराचा हॉर्न चपट्यापेक्षा लांब ऐकू जातो, असंही सरसकट म्हटलं जातं. शंखाचा आवाज गोल आणि कानाला सुसह्य असतो, हे खरं. पण चपट्या डिस्कच्या आवाजाला दोन-तीन हजार हर्ट्झची धार असते, आणि आपला कान नेमका तिथेच सर्वांत तिखट असतो. हायवेवर वाऱ्याच्या आणि टायरच्या घरघरीतून ती धार पोचते. शहरात चालवणाऱ्याने शंख घ्यावा, हायवेवर ज्याचं आयुष्य जातं त्याने चांगल्या डिस्कची जोडी, असं माझं मत आहे.

वायरिंगवर जास्त सांगायला हवं, कारण धोका तिथेच आहे. मोठी जोडी १० ते १२ अँपिअर ओढते. जुन्या गाड्यांत ही सगळी वीज बटणातून आणि बारीक वायरमधून जाते. ‘आहे त्याच वायरवर चालतं’ म्हणून जोडी लावली की बटणाचे संपर्क जळू लागतात, फ्यूज उडतो. मग कुणीतरी १० चा फ्यूज काढून २० चा ठोकतो. फ्यूज हॉर्नसाठी नसतो, वायर वाचवायला असतो. तो मोठा केला की फ्यूजचं काम वायर करते, म्हणजे तीच जळते. योग्य जोडणी अशी: बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची (विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचची) ३० नंबरची पिन, ८७ मधून हॉर्न, ८६ ला जुन्या हॉर्नची वायर आणि ८५ अर्थला. बटण आता फक्त रिलेला इशारा देतं.

पण रिले लावला की आवाज वाढतोच, हाही भ्रम आहे. रिले फक्त वाटेतली गळती थांबवतो. आजच्या बहुतेक गाड्यांत कंपनीचाच रिले असतो. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा वाचा. रिले असेल आणि फ्यूज व वायर नव्या जोडीला पुरत असतील तर दुसऱ्याची गरज नाही.

कायद्याबद्दल दोन टोकं दिसतात. एक म्हणतो हॉर्न बदलणंच बेकायदा, दुसरा बसचा प्रेशर हॉर्न कारला लावून फिरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९ वा नियम मनाई करतो ती एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या मल्टीटोन हॉर्नला आणि अति कर्कश, भेदरवणाऱ्या आवाजाला. दोन सूर एकाच वेळी वाजवणारी जोडी मल्टीटोन नव्हे. मर्यादा कारसाठी ९३ ते ११२ डेसिबल, मोजायची गाडीसमोर ७ मीटरवर. खोक्यावरचा आकडा सहसा २ मीटरवरचा असतो. अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल गळतात, तेव्हा ११८ वाचून लगेच घाबरायचं कारण नाही. विनाकारण किंवा सतत वाजवण्याचा दंड वेगळा: २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा १,००० रुपये, पुढे २,०००. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असेल, तर तिथे कंपनीचा बारीक हॉर्नसुद्धा चालत नाही. मुंबईत वाहतूक पोलिसांनी २०२० च्या सुमारास काही सिग्नलना डेसिबल मीटर जोडले होते. आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

बसवताना शंखाचं तोंड खाली ठेवा; वर राहिलं तर पहिल्याच पावसात पाणी साचून तो गुळण्या करू लागतो. हॉर्न बॉडीला किंवा बंपरला टेकता कामा नये, नाहीतर पडद्याची थरथर तिथेच मरते. मूळ कपलर कापू देऊ नका, त्याला जुळणारं तयार वायरिंग मिळतं. कापलेली वायर दिसली की वॉरंटीच्या काउंटरवर वाद सुरू होतो. काढलेला हॉर्न फेकू नका, सर्व्हिसला जाण्याआधी एका बोल्टवर तो परत बसतो.