दादागिरीला वर्गातूनच उत्तर

मधल्या सुट्टीत एखाद्याचा डबा हिसकावला जातो, एखादीला तिच्या दिसण्यावरून चिडवले जाते. घंटा होऊन बाई वर्गात येतात, तेव्हा सगळे शांत असते. शाळेतला बराचसा छळ मोठ्यांच्या नजरेआड घडतो. पण इतर मुलांच्या डोळ्यांदेखत घडतो. मग तो थांबवण्याचे काम मुलांकडेच दिले तर?

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात २०१२-१३ या वर्षी एलिझाबेथ लेव्ही पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ५६ शाळांत तपासले. 'तुम्ही कोणाबरोबर वेळ घालवता?' असे विद्यार्थ्यांना विचारून मैत्रीचे जाळे मांडले. निम्म्या शाळांत चिठ्ठी पद्धतीने मुले निवडून छोटे गट केले. शाळेत नेमके काय खुपते हे त्यांनीच ठरवले, भित्तिपत्रके केली, भांडण मिटवणाऱ्याला नारिंगी मनगटपट्टी दिली. वर्षभरात या शाळांतील भांडणांच्या नोंदी सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या. ज्या गटांत अनेकांशी जोडलेली मुले जास्त होती, तिथे परिणाम अधिक दिसला.

कारण साधे आहे. काय चालते आणि काय चालत नाही, हे मुले फळ्यावरच्या सुविचारापेक्षा एकमेकांकडे पाहून ठरवतात. त्यामुळे असा गट निवडताना केवळ हुशार मुले किंवा मॉनिटर पुरत नाहीत. मागच्या बाकावरची, पण सगळे ज्यांचे ऐकतात अशी मुलेही हवीत.

मुलींच्या छळाचे मूळ मात्र घरातून आलेल्या समजुतींतही असते. मुंबईत २००८ ते २०१० दरम्यान महापालिकेच्या ४५ शाळांत 'जेम्स' हा उपक्रम झाला. सहावी-सातवीच्या मुलामुलींनी घरकाम, मर्दानगी, हिंसा यांवर खेळ आणि चर्चांतून विचार केला. त्यानंतर समानतेच्या बाजूने त्यांची मते झुकल्याचे दिसले.

एक मर्यादा मात्र पाळायलाच हवी. विद्यार्थी नेते म्हणजे पोलीस नव्हेत. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर ते प्रकरण मुलांवर सोडता येत नाही. पोक्सो कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइनही मदतीला आहे.

मुलांनी हिंमत करून सांगावे, असे वाटत असेल तर सांगितल्यावर ऐकणारा मोठा माणूस शाळेत असावा लागतो. तो नसेल, तर मनगटपट्टी नुसती शोभेची ठरते.