खाणकंपनीचा ताबा आणि त्यावरील सट्टा



आपल्या लोटे-परशुरामच्या वसाहतीत खाणी नाहीत, रसायनांचे कारखाने आहेत. तरी एका खाणकंपनीने दुसरी विकत घेण्याचा विषय मी निवडला, याचे कारण असे की, बोनसचे पैसे हाती आले म्हणजे ‘अमकी कंपनी तमकी घेणार आहे, तिचे शेअर आजच घेऊन ठेवा’ असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. हा सल्ला नीट तपासला पाहिजे.

गिरणीतला कापूस संपला तर दुसरा आणता येतो. खाणीतले खनिज एकदा काढले की संपले. म्हणून मोठ्या खाणकंपनीला नवे साठे सतत लागतात. साठा शोधणे, पट्टा मिळवणे, रस्ता व धक्का बांधणे यांत वर्षे जातात. त्यापेक्षा चालू खाण असलेली लहान कंपनी घेणे सोईचे. ताबा हवा म्हणून बाजारभावाहून अधिक रक्कमही मोजली जाते. सट्टेवाल्याचा डोळा असतो तो या अधिक रकमेवर.

शेजारच्या गोव्यातले उदाहरण घ्या. १९५४ साली स्थापन झालेली सेसा गोवा ही कंपनी १९९६ पासून जपानच्या मित्सुईच्या ताब्यात होती. २००७ साली मित्सुईने आपला ५१ टक्के हिस्सा विकायला काढला. घेणार कोण, याचे तर्क वर्तमानपत्रांत चालले; आर्सेलर-मित्तल आणि बिर्ला यांची नावे घेतली गेली. शेवटी सुमारे ९८ कोटी डॉलर मोजून वेदांत गटाने तो घेतला. ज्या गटाच्या स्टरलाइट कंपनीचा तांब्याचा कारखाना रत्नागिरीकरांनी १९९३ साली विरोध करून थांबवला, तोच हा गट. पुढे २००९ साली सेसा गोवाने १,७५० कोटी रुपयांना धेंपो यांचा खाणव्यवसाय घेतला.

आता सट्ट्याचे गणित पाहू. समजा, शेअरचा भाव १०० रुपये आहे. ताबा झाला तर १३० मिळतील, बोलणी फिसकटली तर तो ८० वर येईल. अफवा आपल्या कानी येईपर्यंत भाव १२० झालेला असतो. आता मिळवायचे १० आणि गमवायचे ४०. पाच वेळा असा डाव खेळून चार वेळा जिंकलात, तरी हाती शून्यच. शिवाय आतली बातमी ज्याला ठाऊक आहे, त्याला तिच्या आधारे शेअर घेण्यास कायद्याची बंदी आहे. म्हणजे ज्याला ठाऊक आहे त्याला घेता येत नाही, आणि ज्याला घेता येते त्याला ठाऊक नसते.

खाणधंद्यात आणखी एक धोका आहे. पट्टा सरकार देते आणि न्यायालय तो रद्द करू शकते. गोव्यातील खाणी २०१२ साली बंद पडल्या. पुढे काही सुरू झाल्या. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. मालकांचे नुकसान झाले खरे, पण त्यांचे इतरत्र व्यवसाय होते. ट्रकवाल्याचा कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही.

ताब्याच्या व्यवहारात लहान भागधारकाला कायद्याने संरक्षण दिले आहे. २०११ च्या नियमांप्रमाणे २५ टक्के मतदानहक्क गाठणाऱ्याने इतरांचे आणखी २६ टक्के शेअर घेण्याचा खुला देकार द्यावा लागतो. नको असेल त्याने पैसे घेऊन बाहेर पडावे. कामगाराला असा देकार कोणी देत नाही. कारखानाच दुसऱ्याच्या नावे झाला तर भरपाईची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. ती २०२० च्या संहितेतही आली. परंतु नुसते शेअर हस्तांतरित झाले तर कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, कंपनी तीच. बदलतात ती फक्त निर्णय घेणारी माणसे. म्हणून कामगाराची संमती कोणी विचारीत नाही.

यासाठी दोन गोष्टी सांगतो. मुलीच्या शिक्षणाचा, घराचा किंवा प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा अफवेवर लावू नका. आणि आपलीच कंपनी विकली जाण्याची वार्ता आली, तर शेअरचा भाव विचारण्यापूर्वी युनियनमार्फत तीन गोष्टी लेखी विचारा: जुन्या नोकरीची वर्षे धरणार काय, चालू करार पाळणार काय, आणि कंत्राटी कामगारांचे काय होणार? शेअरच्या भावात या प्रश्नांची उत्तरे नसतात. ती संघटनेलाच मिळवावी लागतात.