रणाचें बोलावणें आणि प्रकृतीचें कारण



सैन्यांतून निवृत्त होऊन घरीं आलेला मनुष्य कायमचा मोकळा झाला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती सर्वस्वी खरी नाहीं. भरतीच्या वेळीं शिपाई जो करार करतो, त्यांत प्रत्यक्ष सेवेनंतर कांहीं काळ राखीव दलांत राहण्याची अट असूं शकते. आणि ती मुदत संपेपर्यंत सरकारास त्याला परत बोलावतां येतें. ह्या राखीव माणसांविषयींचा कायदा १८८८ सालचा आहे. दुसरा वर्ग टेरिटोरियल आर्मीचा, म्हणजे प्रादेशिक सेनेचा. तिचा कायदा १९४८ सालीं झाला, आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं तिचें उद्घाटन केलें. ह्या सेनेंतील मनुष्य एरव्हीं आपली नोकरी किंवा धंदा करतो, आणि बोलावणें आलें कीं गणवेष चढवतो. कोल्हापूरची १०९ क्रमांकाची मराठा पलटण ह्याच सेनेंतली.

हा विषय केवळ पुस्तकांतला नव्हे. ६ मे २०२५ रोजीं केंद्र सरकारनें प्रादेशिक सेनेच्या नियमांपैकीं ३३ व्या नियमान्वयें आदेश काढून, त्या सेनेंतील प्रत्येक अधिकाऱ्यास व शिपायास बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांस दिला. ३२ पायदळ पलटणींपैकीं १४ पलटणी कामावर पाठवावयाच्या, असें त्यांत म्हटलें होतें. आमच्या शहाद्यांत कोणास सरकारी अर्ज लिहावयाचा असला म्हणजे त्याचे पाय अद्याप जुन्या मास्तरांच्या ओसरीकडे वळतात. त्या दिवसांत हाच प्रश्न वारंवार कानीं आला : "गुरुजी, प्रकृति ठीक नसली तर न जाण्याची सवलत मिळते काय?"

सवलत मिळते, परंतु ती देणारा कोण, हें नीट समजून घेतलें पाहिजे. आपले नेहमींचे डॉक्टर ती देऊं शकत नाहींत. त्यांचा दाखला हा पुरावा आहे, निकाल नव्हे. निकाल देतें तें लष्कराचें वैद्यकीय मंडळ. १८८८ च्या कायद्यानें सयुक्तिक कारणावांचून गैरहजर राहणें हा गुन्हा ठरविला आहे. म्हणजे सयुक्तिक कारणास जागा आहे. मात्र तें कारण सयुक्तिक आहे कीं नाहीं, हें घरीं बसून आपणच ठरवावयाचें नसतें. म्हणून पहिला नियम असा, कीं चालतां येत असेल तर प्रथम हजर व्हावें आणि मग कारण सांगावें. मनुष्य खरोखर अंथरुणास खिळला असेल, तर ठरलेल्या दिवसापूर्वीं रुग्णालयाच्या कागदांसह आपल्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसास लेखी कळवावें, आणि त्या पत्राची नक्कल व पोंच जपून ठेवावी.

आतां हें मंडळ तपासतें कसें, तें पाहूं. आपल्या सैन्यांत प्रकृतीची प्रत पांच इंग्रजी अक्षरांनीं लिहितात. तीं जुळवून ‘शेप’ असा शब्द होतो. पहिलें अक्षर मनःस्थितीचें, दुसरें श्रवणाचें, तिसरें हातापायांचें, चौथें सर्वसाधारण शारीरिक क्षमतेचें आणि पांचवें दृष्टीचें. प्रत्येकापुढें १ ते ५ पैकीं एक आंकडा येतो. १ म्हणजे कोठेंही, कोणत्याही कामास योग्य. ५ म्हणजे लष्करी सेवेस कायमचा अयोग्य. मधले आंकडे मर्यादित कामाचे किंवा तात्पुरत्या विश्रांतीचे.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत येईल. "हा मनुष्य आजारी आहे काय?" एवढाच प्रश्न मंडळ विचारीत नाहीं. "हा कोणत्या कामास व कोणत्या ठिकाणीं उपयोगी पडेल?" असा त्याचा प्रश्न असतो. समजा, एका निवृत्त हवालदारास मधुमेह आहे आणि गुडघेही दुखतात. बर्फाळ सरहद्दीवर पाठविण्यास तो अयोग्य ठरेल. परंतु तेवढ्यानें कोठारावर हिशेब ठेवण्यास तो अयोग्य ठरेलच असें नाहीं. तेव्हां सवलत मागणाऱ्यानें पूर्ण सुटकेचीच अपेक्षा धरूं नये.

पुराव्यांत वजन असतें तें सातत्याला. सैन्य सोडतांनाच्या तपासणीचे कागद, त्यानंतरच्या उपचारांचे तारीखवार कागद, रक्ताच्या व हृदयाच्या तपासण्या, चालू औषधांची यादी हें सर्व एकत्र असावें. बोलावणें आल्याच्या दुसऱ्या दिवशीं घेतलेल्या एकट्या दाखल्यापेक्षां तीन वर्षांचे साधे केसपेपर अधिक बोलतात.

येथें दोन मोह संभवतात. पहिला, नसलेला आजार दाखविण्याचा. १९५० च्या लष्करी कायद्याच्या ४६ व्या कलमान्वयें आजाराचें सोंग करणें, तो मुद्दाम जडवून घेणें किंवा बरा होऊं न देणें ह्यांस सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. दुसरा मोह असलेला आजार लपविण्याचा. लोक भित्रा म्हणतील, ह्या भयानें कित्येक सरळ माणसें छातींतील कळ गिळून टाकतात. ह्याची किंमत १९१४ सालीं दिसली. हिंदी सैन्य फ्रान्समध्यें उतरलें, तेव्हां मागून भरतीस पाठविलेल्या राखीव शिपायांत वयस्क व दुर्बल माणसें पुष्कळ निघालीं. खंदकांतल्या थंडींत त्यांचा उपयोग तर झाला नाहींच, उलट त्यांचीच शुश्रूषा करणें भाग पडलें. उंच डोंगरावर एक मनुष्य कोसळला कीं त्यास खालीं आणावयास चार धडधाकट माणसें लागतात. सोंग करणाऱ्याच्या जागीं दुसरा जातो. लपविणाऱ्याचें ओझें दुसरा वाहतो.

अन्य देशांतही तत्त्व हेंच आहे. कुलाबा जिल्ह्यांतून, म्हणजे आजच्या रायगडांतून, इस्राएलला गेलेलीं बेने इस्राएल कुटुंबें डिमोना, अश्दोद अशा गांवीं राहतात, आणि जुन्या पिढीच्या तोंडीं अद्याप मराठी आहे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर त्या देशानें ३ लाखांहून अधिक राखीव सैनिक बोलावले. तेथेंही प्रकृति आंकड्यांतच मोजतात. ९७ हा सर्वांत वरचा आंकडा, आणि २१ म्हणजे कायमची सूट. तोही आंकडा लष्करी वैद्यकच ठरवितें.

घरच्या मंडळींस माझी एवढीच विनंति आहे. ज्या घरांत असा सैनिक आहे, तेथें त्याचे वैद्यकीय कागद एका पिशवींत तारखेप्रमाणें लावून ठेवा. प्रादेशिक सेनेंतील मनुष्य बोलावण्यावर गेला, तर परत आल्यावर त्यास कामावर घेण्याचें बंधन कायद्यानें मालकावर घातलें आहे. तेव्हां केवळ नोकरीच्या धास्तीनें आजाराचा दाखला शोधूं नका. आणि मंडळानें एखाद्यास खरोखर अयोग्य ठरवून परत पाठविलें, तर त्यास कोणीं टोमणा मारूं नये. तो बोलावण्यावर हजर झाला होता आणि त्यानें खरें सांगितलें होतें. त्याचें कर्तव्य तेथेंच पुरें झालें.