तोटी, नळाची

नळाच्या टोकातून येणारे पाणी सोडण्यासाठी, थांबविण्यासाठी व त्याचा प्रवाह कमीजास्त करण्यासाठी बसविलेल्या झडपयुक्त साधनास तोटी म्हणतात. व्यवहारात तिलाच नळ असेही म्हटले जाते. घरगुती तोटी बहुधा १५ मिमी. मापाची असते. ती ओतीव पितळेची असून तिच्यावर क्रोमियमाचा मुलामा देतात. प्लॅस्टिकच्या स्वस्त तोट्याही प्रचारात आहेत.

पूर्वी आरपार भोक असलेली निमुळती गुडदी फिरवून प्रवाह रोखीत. जोराच्या दाबाखाली अशी तोटी गळे व ती एकदम बंद केल्यास नळाला हादरा बसे. पेचाने हळूहळू मिटणाऱ्या तोटीचे एकस्व इंग्लंडमध्ये १८४५ साली घेण्यात आले. भारतात तांब्याच्या मिश्रधातूंपासून बनविलेल्या पेचाच्या तोट्यांसाठी आयएस ७८१ हे मानक आहे.

रचना व कार्य : पेचाच्या तोटीत मुख्य अंग, टोपण, आटे असलेला दांडा, मूठ व झडप हे भाग असतात. झडपेच्या तळाशी रबराचा वा चामड्याचा वॉशर असतो. मूठ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविली म्हणजे दांडा खाली सरकतो, वॉशर आतील वर्तुळाकार बैठकीवर दाबला जातो व पाणी थांबते. प्रवाह रोखण्याचे काम हा मऊ वॉशर करतो. म्हणून झीजही प्रथम त्याचीच होते. पाव वळशाच्या तोटीत वॉशरऐवजी कठीण मृत्तिकाद्रव्याच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. त्यांपैकी एक स्थिर असते व दुसरी फिरते. दोहोंची छिद्रे समोरासमोर आली की पाणी वाहते.

गळतीची कारणे : झिजलेला वॉशर, बैठकीवर अडकलेला कचरा, बैठकीला पडलेले चरे व दांड्याभोवतीचे सैल भरण ही गळतीची प्रमुख कारणे होत. ठिबकणारी तोटी अधिक जोराने आवळण्याची सवय सर्वत्र आढळते. त्यामुळे वॉशर चिरतो, धातूवर धातू घासून बैठक बिघडते आणि अल्प खर्चात होणाऱ्या दुरुस्तीऐवजी तोटीच बदलावी लागते.

पाण्याचे गुणधर्म व पुरवठ्याची पद्धत यांचाही तोटीच्या आयुष्यावर परिणाम होतो. यवतमाळ जिल्हा हे याचे उदाहरण होय. जिल्ह्याचा मोठा भाग बेसाल्ट खडकाचा असून वणी–झरी जामणी परिसरात चुनखडक आढळतो. विहिरी व विंधन विहिरींचे पाणी जेथे कठीण असते, तेथे तोटीच्या तोंडाशी व आट्यांवर चुन्याचा पांढरा थर साचून मूठ जड फिरते. यवतमाळ शहराला निळोणा व चापडोह या धरणांतून पाणी मिळत आले आहे. २०१७ च्या अपुऱ्या पावसानंतर २०१८ च्या उन्हाळ्यात तेथे तीव्र टंचाई निर्माण होऊन अनेक दिवसांच्या अंतराने पाणी सोडावे लागले. खंडित पुरवठ्यात रिकाम्या नळांतील गाळ व गंजाचे कण पाण्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर येऊन वॉशरखाली अडकतात. शिवाय पाणी टाकीत साठविलेले असल्यास गळती रात्रंदिवस चालू राहते. गळती मोजण्यासाठी तोटीखाली तासभर भांडे ठेवावे. पाव लिटर पाणी जमल्यास दिवसाला ६ लिटर व महिन्याला १८० लिटर पाणी वाया जाते. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे; त्या मानाने ही महिन्याची गळती एका माणसाच्या तीन दिवसांच्या पाण्याहून अधिक ठरते.

दुरुस्ती : प्रथम मागील झडप किंवा टाकीचा निर्गम बंद करून तोटी उघडावी व उरलेले पाणी जाऊ द्यावे. मुलाम्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून टोपणाला कापड गुंडाळावे. तोटी एका पान्याने धरून टोपण दुसऱ्या पान्याने सोडवावे. झडप बाहेर काढून त्याच मापाचा नवा वॉशर बसवावा व बैठक पुसून बोटाने तपासावी. टोपण पुन्हा लावताना दांडा उघड्या स्थितीत ठेवावा, अन्यथा नवा वॉशर चिरडतो. दांड्याजवळून पाणी झरत असल्यास तेथील नट किंचित आवळावा किंवा भरणाचा धागा बदलावा. चुन्याचा थर लिंबाच्या रसाने वा व्हिनेगरने सुटतो. नंतर तोटी स्वच्छ धुवावी. पाव वळशाच्या तोटीतील चकत्यांचा संच बहुधा पूर्णच बदलतात.

तोटी बदलणे : बैठकीला खोल चरे पडले असल्यास, मुख्य अंगाला तडा गेला असल्यास किंवा आटे झिजले असल्यास तोटी बदलावी. जुनी तोटी काढताना भिंतीतील लोखंडी नळ गंजलेला असल्यास तो आतच पिळवटून फुटण्याचा धोका असतो. म्हणून तो दुसऱ्या पान्याने पक्का धरावा. नव्या तोटीच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी आवळण्याच्या दिशेने गुंडाळतात. तोटी हाताने बसवून अखेरचा वळसाच पान्याने देतात. ती नेमक्या जागेपेक्षा पुढे गेल्यास मागे फिरवू नये, सांधा गळतो. अशा वेळी पट्टी नव्याने गुंडाळावी. प्लॅस्टिकची तोटी फार आवळल्यास तडकते.

तोटीचे तोंड भांड्याच्या काठाच्या वर असावे. तिला जोडलेली रबरी नळी बादलीत बुडलेली राहिल्यास पुरवठा बंद होताच नळातील दाब घटून बादलीतील दूषित पाणी नळात ओढले जाऊ शकते. पाणी आल्याचे कळावे म्हणून तोटी उघडी ठेवल्यास पाणी वाया जाते. खंडित पुरवठ्याच्या गावी ती बंद ठेवणे हेच हिताचे असते.