डोमगावची पोथी आणि गाणाऱ्यांची बाडे

माघ वद्य नवमी म्हणजे दासनवमी. शके १६०३ मध्ये, इसवी सनाच्या हिशेबाने १६८२ मध्ये, याच तिथीस समर्थ रामदासस्वामींनी सज्जनगडावर देह ठेवला. या दिवशी समर्थांच्या उपदेशाविषयी पुष्कळ बोलले जाते, त्यांच्या चरित्रातील चमत्कारांविषयी कदाचित त्याहूनही अधिक. ज्या कागदांच्या आधाराने त्यांचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले, त्या कागदांची आठवण मात्र क्वचितच निघते. आज आम्ही त्या कागदांविषयी लिहीत आहोत. त्यांतील अत्यंत मोलाची एक पोथी आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाते, हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण पुढे ओघात येईल.

परांडा तालुक्यात सीना नदीच्या काठी डोमगाव आहे. समर्थांचे पट्टशिष्य कल्याणस्वामी यांचा मठ तेथे आहे. समर्थांनी सांगावे आणि कल्याणांनी लिहावे, अशी दासबोधाच्या जन्माची कथा घरोघरी ठाऊक असते. वीस दशक आणि दोनशे समास यांचा तो विस्तार ज्या वळणदार बाळबोध अक्षरात उतरला, ते अक्षर कल्याणांचे. कल्याणांच्या हातची ही प्रत अभ्यासकांत 'डोमगाव प्रत' या नावाने प्रसिद्ध आहे. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी तिच्या आधारे १९०५ मध्ये दासबोध छापून प्रसिद्ध केला, आणि अनेक हातांनी नकलून नकलून बिघडत गेलेल्या पाठांना एक भक्कम आधार मिळाला. त्या काळी डोमगाव निजामाच्या राज्यात होते. धुळे इंग्रजी मुलखात. एका राज्यातील वकिलाने दुसऱ्या राज्यातील मठाचे दार ठोठवावे आणि मठाने देवघरातील पोथी त्याच्यापुढे उलगडावी, यामागे उभयपक्षी केवढा विश्वास असला पाहिजे, याची कल्पना वाचकांनीच करावी.

देवांचे खरे कार्य मात्र एका पोथीपुरते नव्हते, आणि आमच्या मते त्यांची थोरवी या दुसऱ्या कार्यातच अधिक आहे. ते मठामठांतून हिंडले आणि तेथील बाडे त्यांनी जमविली. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात ती बाडे आज क्रमांकवार आहेत. समर्थांच्या हातचे वाल्मीकिरामायणही तेथेच आहे. रामदासी वाङ्मयाचा अभ्यासक एखाद्या पदाचा पाठ देताना सोबत बाडाचा क्रमांक देतो, तो या खटाटोपामुळे.

पोथी आणि बाड यांत भेद आहे, तो येथे सांगितला पाहिजे. पोथी म्हणजे एक ग्रंथ. तिला आरंभ असतो, शेवट असतो, आणि ती सोवळ्यात वाचली जाते. बाड ही गाणाऱ्याची वही. बहुधा लांबट, एका कडेला शिवलेली, काखेत मारून गावोगाव नेता येईल अशी. तिच्यात समर्थांचे करुणाष्टक असते, त्याखाली एकनाथांचे भारूड, मग कल्याणांचे पद, मध्येच कोणा अपरिचिताची भूपाळी, आणि शेवटच्या पानावर उसनवारीचा हिशेब किंवा खोकल्यावरचा काढा. कीर्तनास उभे राहिल्यावर जे जे लागेल ते ते त्यात उतरलेले असते. पंडितांनी पोथ्यांना मान दिला आणि बाडांना अडगळीत टाकले, हे फार काळ चालले. वस्तुतः कोणत्या गावी, कोणत्या काळी लोक खरोखर काय गात होते, हे पोथी सांगत नाही, बाड सांगते.

गाणाऱ्यांच्या वह्यांची सूची करण्याचे हे काम परदेशात फार मोठ्या प्रमाणावर झाले आहे. ज्या शतकात पैठणास एकनाथमहाराज कीर्तन करीत होते, त्याच शतकात रोमच्या देवळांतून पॅलेस्ट्रीना हा रचनाकार भजने बांधीत होता. तो १५९४ मध्ये वारला, नाथांनी १५९९ मध्ये जलसमाधी घेतली. युरोपच्या त्या प्रबोधनकाळातील देवळांतले गाणे समूहाचे असे, पण सर्वांनी एकच चाल म्हणावयाची अशी रीत नव्हती. चार-पाच गट चार-पाच निरनिराळ्या सुरावटी एकाच वेळी गात आणि त्यांच्या मिलाफातून रचना उभी राही. पुष्कळदा प्रत्येक आवाजाची वही वेगळी असे. उंच आवाजाच्या वहीत खर्जाचे काही लिहिलेले नसे. त्यामुळे एक वही हरवली की संपूर्ण रचनाच पांगळी होई. केंब्रिजच्या पीटरहाउस या विद्यालयात सुमारे १५४० च्या काळातील अशा पाच वह्यांचा एक संच आहे, त्यातील टेनर नामक मधल्या पुरुषी आवाजाची वही नाहीशी झाली आहे. निक सँडन या अभ्यासकाने उरलेल्या आवाजांवरून तो हरवलेला सूर पुन्हा रचण्यात कित्येक वर्षे घालविली.

अशा विखुरलेल्या वह्यांचा शोध लागावा म्हणून १९५२ मध्ये पॅरिस येथे संगीतसाधनांची आंतरराष्ट्रीय सूची करणारी एक संस्था स्थापन झाली. पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने केवळ १४०० ते १५५० या दीडशे वर्षांतील बहुस्वरी गायनाच्या हस्तलिखितांची सूची केली. १९७९ ते १९८८ या काळात तिचे पाच खंड निघाले. दीडशे वर्षांसाठी पाच खंड! या सूचींचा उपयोग पंडितांना होतो, तसाच एखाद्या लहान गावातील गायकवृंदालाही होतो. आपल्याजवळ नसलेला आवाज कोणत्या शहरातील कोणत्या ग्रंथालयात आहे, हे त्याला तेथे सापडते. आम्हांला या उद्योगाचे सर्वांत मोठे फळ वाटते ते निराळेच. सूची असली म्हणजे काय आहे ते कळते, आणि त्याबरोबर काय नाही तेही कळते. पीटरहाउसची पाचवी वही गेली हे जगाला ठाऊक आहे, कारण उरलेल्या चार वह्यांची नोंद आहे.

आपल्या जिल्ह्यात याच्या उलट घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून माणसे नुकती निजली असता, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीची घरे माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार जीव गेले. त्या दुःखापुढे वह्यांची गोष्ट काढणे कोणास विपरीत वाटेल, आणि आम्हीही ती संकोचानेच काढीत आहोत. परंतु उमरगा-लोहाऱ्याकडील त्या गावांतही टाळकरी होते, त्यांच्याही घरी भजनाची दप्तरे असणार. आणि त्यांची नोंद कोठेच नसल्यामुळे त्या ढिगाऱ्यांखाली काय गेले, हे आज सांगता येत नाही. गेले असे म्हणावयासही आधी होते असे लिहिलेले असावे लागते.

तेरचे उदाहरण अधिक जुने आहे. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी आहे. संतमंडळीत वयाने आणि अधिकाराने वडील, म्हणून ते काका. नामदेवांसारख्या भक्तश्रेष्ठास कच्चे मडके ठरविण्याचा अधिकार परंपरेने त्यांनाच दिला. अशा पुरुषाचे अभंग किती उरले? विसाच्या आसपास. तेही त्यांच्या स्वतंत्र पोथीमुळे नव्हे. इतर संतांचे अभंग उतरून घेणाऱ्या गायकांनी मधूनमधून गोरोबांचाही एखादा टिपला, आणि पुढे त्र्यंबक हरि आवटे यांच्यासारख्या संपादकांनी सकलसंतगाथेत ते एकत्र छापले, म्हणून उरले. एखाद्या भजनी घराण्याच्या वहीत एकविसावा अभंग आजही असू शकेल. ती वही कोणी पाहिलीच नाही, तर तो नसल्यासारखाच.

सूची करावयाची म्हणजे काय करावयाचे? केवळ नावांची यादी पुरेशी नाही. पदाचा पहिला चरण घ्यावा लागतो, कारण गाणारा पदाला पहिल्या चरणानेच ओळखतो. शेवटची नाममुद्रा घ्यावी लागते, परंतु तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवून चालत नाही. गुरूच्या नावाने पद रचणारे शिष्य सर्व संप्रदायांत झाले आहेत. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचना एकमेकींत मिसळल्या, तो गुंता शासनाने १९७० मध्ये काढलेल्या नामदेवगाथेनंतरही पूर्णपणे सुटलेला नाही. लेखनकाळाच्या ठिकाणी शकाबरोबर संवत्सराचे नावही टिपून घ्यावे. शके १६०३ चे संवत्सर दुर्मती. वहीत शक एक आणि संवत्सर दुसरेच असेल, तर नकलणाऱ्याची कोठे तरी चूक झाली आहे, हे तत्काळ ध्यानी येते.

सर्वांत कठीण भाग चालीचा आहे. युरोपातील वह्यांत सूर चिन्हांनी लिहिलेले असतात, आपल्या बाडांत ते नसतात. पदाच्या माथ्यावर रागाचे नाव आढळते, किंवा 'चाल' असे लिहून दुसऱ्याच एखाद्या पदाचे दोन शब्द दिलेले असतात. लिहिणाऱ्याला ते दुसरे पद इतके परिचित होते, की त्याहून अधिक सांगण्याची त्याला गरज वाटली नाही. आज ते दुसरे पदच विस्मरणात गेले, तर दोन्ही मुकी झाली. येथे वही आणि कंठ यांची गाठ घालून देणे अत्यावश्यक आहे. गावातील वृद्ध टाळकऱ्यास जी चाल येते, ती त्याच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून तिच्यावर बाडाचा आणि पानाचा क्रमांक घातला पाहिजे. तुळजापूरच्या आराधी आणि गोंधळी मंडळींचे गाणे तर बव्हंशी कंठातच आहे. तेथे संबळाच्या साथीने होणारे गायन मुद्रित करणे हीच सूचीची पहिली ओळ ठरेल.

पाठ सोडून केवळ कंठावर विसंबले म्हणजे काय होते, हे गणेशोत्सवात ऐकू येतेच. समर्थांच्या नावावर असलेल्या सुप्रसिद्ध आरतीत नागाचा कमरबंद ल्यालेल्या गजाननाला आपण दरवर्षी भक्तिभावाने फळीवर नेऊन बसवितो! देवाने ते चालवून घेतले आहे, हा भाग निराळा.

बाडे उचलून शहरात न्यावीत, असे आमचे म्हणणे नाही. देवांच्या काळी मठ ओस पडत होते, तेव्हा तो मार्ग योग्य होता. आज वही ज्या देवघरात पुजली जाते तेथेच राहावी, नोंद मात्र गावाबाहेर जावी. खिशातल्या दूरध्वनीने छायाचित्र घेणे आता कोणासही जमते. पण हजार छायाचित्रे क्रमांकावाचून साठविली, तर अडगळीची जागा तेवढी बदलते. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या पुस्तकांत हीच गावे निजाम इलाख्यात सापडतात. म्हणून नोंदीत गाव, तालुका आणि जुने-नवे दोन्ही जिल्हे लिहावेत, म्हणजे पन्नास वर्षांनी शोधणाऱ्याची फसगत होणार नाही.

आज दासनवमीच्या भजनासाठी ज्यांच्या घरी जुनी बाडे रुमालातून बाहेर निघतील, त्यांनी भजन आटोपल्यावर ती तशीच बांधून ठेवू नयेत. प्रथम शेवटचे पान पाहावे. लिहिणाऱ्याने आपले नाव, गाव, शक, संवत्सर आणि तिथी बहुधा तेथेच घातलेली असते. आणि बाड फाटू लागले, की पहिल्याने तेच पान सुटून जाते.