गाडी घासली! जागेवर मिटवायचं की इन्शुरन्सला लावायचं?

रविवारची सकाळ, मेहरूण तलावावर फिरायला आलेल्यांची गर्दी. समजा, तुम्ही गाडी रिव्हर्स घेताय आणि मागे उभ्या कारला तुमचा बंपर लागतो. दोन मिनिटांत पाच जण जमतात. एक म्हणतो, "जाऊ द्या भाऊ, दोन हजार द्या अन् मिटवा." दुसरा म्हणतो, "खिशातून कशाला देताय? इन्शुरन्स आहे ना!"

यातलं कोणाचं ऐकायचं, ते ठरवण्याआधी एक गोष्ट बघा. कोणाला लागलंय का?

लागलं असेल, तर पुढचं सगळं गणित बाजूला ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं ही चालकाची जबाबदारी आहे. जवळ पोलीस नसतील तर लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती द्यावी लागते. विमा कंपनीलाही लेखी कळवावं लागतं. इच्छादेवी चौकात दुचाकीवाल्याला धक्का लागला, तो "काही नाही, फक्त खरचटलं" म्हणाला आणि तुम्ही पाचशे देऊन निघालात. संध्याकाळी एक्स-रेमध्ये हाड मोडल्याचं दिसलं, तर ते पाचशे तुमच्या काहीच कामाचे नाहीत. उलट, तुम्ही न कळवता निघून गेलात एवढंच उरतं.

फक्त पत्र्याचं आणि प्लास्टिकचं नुकसान असेल, तरच गणिताला बसायचं.

लोकांना वाटतं, ९ हजारांचं बिल झालं की कंपनी ९ हजार देणार. तसं होत नाही. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. रंगाच्या साहित्यावरही ५० टक्के. धातूच्या पार्टची कपात गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जाते. काचेवर कपात नाही. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये ठरावीक रक्कम तुमच्याच खिशातून जाते. १५०० सीसीपर्यंतच्या कारला ती १ हजार रुपये, त्यावरच्या कारला २ हजार.

आता हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत. गाडी १२०० सीसी, साडेतीन वर्षं जुनी. बंपर ३,५०० रुपये, रंगाचं साहित्य २,५००, मजुरी ३,०००. एकूण ९,०००. घसारा जाऊन उरले ६,०००, त्यातून १ हजार वजा. कंपनीकडून मिळाले ५ हजार.

पण खरी गंमत पुढे आहे. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी प्रीमियममध्ये सवलत मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही सवलत फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असते, थर्ड पार्टीच्या नाही. एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला ती शून्यावर येते.

आपल्या उदाहरणातल्या गाडीला पुढच्या वर्षी ४५ टक्के मिळणार होते. सवलतीआधीचा प्रीमियम ८ हजार धरला, तर पहिल्याच वर्षी ३,६०० रुपये जास्त गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी २०, म्हणजे आणखी २,४००. पुन्हा ५० टक्क्यांवर पोहोचेपर्यंतची पाच वर्षं मिळून ९,६०० रुपये होतात, वर जीएसटी. गाडी जुनी होते तसा प्रीमियम उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल. तरीही ५ हजारांसाठी हा क्लेम केला तर तोटाच. झिरो डेप किंवा बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलं असेल, तर मात्र गणित बदलतं. पॉलिसी उघडून बघा. आणि फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर स्वतःच्या गाडीसाठी त्यातून काहीच मिळत नाही.

मग समोरच्याच्या गाडीचं काय? थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान येतं, खासगी कारसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. पण ही रक्कम गॅरेजमध्ये बसून मिळत नाही. वाद झाला तर पोलिसांत नोंद आणि मग जिल्हा न्यायालयातलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. दोन हजारांच्या टेल लॅम्पसाठी तारखा कोण घेणार? म्हणून ज्याची चूक नाही, तोही बहुतेकदा स्वतःच्याच पॉलिसीवर क्लेम करतो आणि स्वतःचा बोनस घालवतो. हे अन्यायाचं आहे, पण सध्या तरी असंच चालतं. त्यामुळे चूक समोरच्याची असेल, तर त्याच्याकडून दुरुस्तीचा खर्च मागणं यात गैर काही नाही.

मात्र मिटवायचं तर नीट मिटवा. आधी दोन्ही गाड्यांचे नंबर प्लेटसकट फोटो काढा. रक्कम रस्त्यावर ठरवू नका, गॅरेजवाल्याला फोटो पाठवून किंवा गाडी दाखवून अंदाज घ्या. बाहेरून चार इंचांचा ओरखडा दिसतो आणि आत बंपरचं ब्रॅकेट तुटलेलं निघतं. पैसे यूपीआयने द्या. साध्या कागदावर तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही नंबर, रक्कम आणि "गाडीच्या नुकसानीपोटी, कोणालाही दुखापत नाही" एवढं लिहून दोघांनी सह्या करा. कोणी जागेवर धमकावून पैसे मागत असेल, तर ११२ लावा.

एक मोठी चूक टाळा. समोरच्याकडून पैसे घ्यायचे आणि तेच नुकसान कंपनीकडेही पूर्ण लावायचं, हे करू नका. माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम अडकू शकतो. तसंच, कंपनीला न विचारता समोरच्याला "माझीच चूक, सगळं भरून देतो" असं कबूल करायचं नाही, ही अट पॉलिसीतच असते. खिशातून देणार असाल तर वेगळी गोष्ट, पण ते पैसे नंतर कंपनीकडून परत मिळतील अशी आशा ठेवू नका.

नुकसान मोठं असेल, म्हणजे हेडलाइट, बोनेट, रेडिएटरपर्यंत मार गेला असेल, तर क्लेमच करा. त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि पाहणी होईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. खोललेल्या गाडीवर सर्व्हेअरला काय तुटलं होतं हे पटवणं फार अवघड जातं.